स्क्रू दिसेल अशी फळी

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यावर कोपर टेकता, डबा उघडता, कधी चहाही सांडता, त्या टेबलाला तुम्ही कधी त्याचं मूळ गाव विचारलं आहे का? नसेलच विचारलं. मग न विचारता मीच सांगते. मी एक जुनी फणसाची फळी. सध्या मुक्काम बिरवाडी, कमळाबाईंच्या खिडकीखाली. माझ्या दोन लहान बहिणी माझ्याच वर भिंतीला लागून आहेत, त्यांना लोक कप्पे म्हणतात. आम्ही तिघी एकाच झाडाच्या, खरं तर एकाच फळीच्या.

माझा जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या एका वाडीतला. मालोजी नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर मी उभी होते. झाडाला चालता येत नाही, म्हणून त्याला चौकशा फार. खालच्या रस्त्यावरून गाड्या जात. त्या वळणाआड गेल्या की पुढे कुठे जातात, हा विचार मी वर्षानुवर्षं करत असे. माझ्या अंगाखांद्याला फणस लागत, ते पडवीत जात, तिथून माणसांच्या पोटात. त्यापुढचं जग मला माहीत नव्हतं.

एका जूनमध्ये मोठं वादळ आलं. उताराची माती आधीच सैल झाली होती. माझी मुळं सुटली आणि मी आडवी झाले. गोठा थोडक्यात वाचला, माझं नशीब आणि म्हशींचंही. सकाळी मालोजींच्या बायको ठमाबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मालोजी कुऱ्हाड घेऊन आले होते. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ठमाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "हिचं फळ खाल्लंय आपण. चुलीत घालायची नाय!"

"मंग काय पुजायची?" मालोजी म्हणाले.

"फळ्या पाडा."

मग मला टेम्पोत घालून महाडच्या लाकडाच्या वखारीत नेलं. वळणाआड काय आहे ते मी असं पाहिलं, झोपून पाहिलं, पण पाहिलं. करवत माझ्यातून फिरली तेव्हा दुखलं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर मला त्याहून नवल वाटलं. मी आतून पिवळीधमक होते! हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी. इतकी वर्षं मी स्वतःच्या आत राहत होते आणि आपला रंग आपल्यालाच ठाऊक नव्हता.

फळ्या परत वाडीवर आल्या. मालोजींनी आम्हाला पडवीत एकीवर एक रचलं, दोन फळ्यांमध्ये काठ्या घातल्या, म्हणजे वारा खेळता राहील आणि आम्ही वाकणार नाही. तिथं आम्ही वाळत पडलो. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. माझ्या बहिणींना गिऱ्हाइकं मिळाली. कुणी दाराची चौकट झाली, कुणी पाळणा. मी सगळ्यांत लांब आणि रुंद, पण माझ्या एका टोकाला मोठी गाठ होती. सुतार यायचे, गाठ बघायचे, जीभ टाळूला लावून च् करायचे आणि जायचे. पुढे पुढे माझ्यावर कांदे पसरले जाऊ लागले. माझं काय होणार, हे कुतूहल तेवढं माझ्याजवळ उरलं होतं.

इकडे बिरवाडीत काय चाललं होतं, ते मला फार नंतर कळलं. टेबलाशी बसून माणसं खूप बोलतात, आणि टेबल ऐकतंय हे त्यांच्या ध्यानात नसतं.

कमळाबाई उभा जन्म कारखान्यात पॅकिंगच्या कामावर होत्या. डोळ्यांपुढे यंत्रं फिरायची. ती बिघडली की मेकॅनिक यायचा, झाकण उघडायचा, आणि बायकांना म्हणायचा, "मागे सरा." कमळाबाई मागे सरत, पण मान पुढे काढून बघत. आत काय असतं? फिरतं कसं? नोकरी संपल्यावर त्यांनी घरातला बंद पडलेला टेबलफॅन एका दुपारी उघडला. तो परत जुळला नाही. दुसरा पंखा मात्र जुळला. मग शेजारपाजारचे मिक्सर, विजेऱ्या, इस्त्र्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. काही दुरुस्त होत, काही होत नसत. एकीचा मिक्सर तर धूर काढून कायमचा गेला. पण उघडून बघायचा त्यांचा हव्यास काही कमी झाला नाही.

हे सगळं त्या जमिनीवर फतकल मारून करत. शेवटी गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे खाली बसायचं नाही. त्यांचा मुलगा अश्विन कंपनीत फिटर होता. त्यानं महाडहून तयार टेबल आणलं. वरून गुळगुळीत, चकचकीत, आतून मात्र दाबलेला भुसा. बिरवाडीच्या दमट हवेत त्याची कड पावासारखी फुगली. आणि एक दिवस शेजारच्या तुळसाचं शिलाई मशीन त्याच्यावर दुरुस्तीला ठेवलं असताना एका पायाचे स्क्रू भुशातून सुटले. टेबल कलंडलं, मशीन खाली आदळलं.

तुळसा एकटी बाई. शाळेचे गणवेश, ब्लाउज शिवून तिचं घर चाललं होतं. मशीन आलं होतं ते नुसतं आवाज करतं म्हणून. पडल्यावर ते शिवेनासंच झालं. सुई खाली जायची, वर यायची, पण टाका काही पडायचा नाही. तुळसा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती दार लावून घेऊ लागली.

"आई, आता बास कर," अश्विन म्हणाला. "लोकांच्या वस्तू घ्यायच्या, मोडायच्या, कशाला हे?"

कमळाबाईंनी हत्यारांचा डबा पलंगाखाली सरकवला. त्या तुळसाच्या मशीनवर चादर घालून बसून राहू लागल्या. टीव्ही लावलेला असे, पण त्या बघत नसत.

त्यांची सून दीक्षा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पुष्कळ दिवस हे बघून ती एका रविवारी म्हणाली, "आई, चूक टेबलाची होती. आपण आपलं टेबल करूया. खऱ्या लाकडाचं."

"खरं लाकूड म्हंजे कंचं?" कमळाबाईंनी विचारलं.

दीक्षाला ते माहीत नव्हतं. आणि मित्रांनो, तो प्रश्न तोंडातून निघाला तेव्हा त्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली होती, असं दीक्षा अजून सांगते.

दोघी वखारीत गेल्या. हैबती नावाचा पाचाडचा सुतार तिथं लाकूड बघायला आला होता. त्यानं साग दाखवला, तो तर राजाच. ऐन दाखवला, वजनदार आणि चिवट, पण तडकतो. आंबा दाखवला, स्वस्त आणि मऊ, पण त्याला किडा लागतो. शिसवी दाखवली, काळीभोर आणि देखणी. "तुम्हांला काय पायजे ते तुम्ही ठरवा," हैबती म्हणाला. "मी सांगीन साग, दुसरा सांगेल आंबा. प्रत्येक जण आपापल्या घरच्या टेबलाबद्दल बोलतो."

कमळाबाईंनी प्रत्येकाचा एकेक तुकडा मागून घेतला. हैबतीच्या पिशवीत फणसाचाही एक तुकडा होता, तोही त्याने दिला.

मग घरी काय गंमत चालली म्हणता! तुकडे पाण्याच्या बादलीत पडले. कोण किती फुगतो? तुकड्यांवर गरम इस्त्री टेकवली. कोण किती करपतो? कमळाबाई प्रत्येकात स्क्रू पिळून ओढून बघत, वास घेत, एकदा तर जिभेनं चाखूनही पाहिला. अश्विन कामावरून आला की ओट्यावर ओल्या लाकडांची रांग. तो ती बाजूला सारून आपला डबा ठेवी. पण एका संध्याकाळी दीक्षानं पाहिलं, तो बादलीतला तुकडा काढून बोटानं कड चाचपत होता.

शेवटी कमळाबाईंनी सगळे तुकडे खिडकीशी मांडले आणि प्रत्येकावर घड्याळातले बारके स्क्रू टाकले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक दिसायला त्रास होई. शिसवीवर स्क्रू दिसेचनात. सागावरही लपले. फणसाच्या पिवळ्या तुकड्यावर मात्र एकेक स्क्रू ठसठशीत उठून दिसला.

"ह्यो," कमळाबाई म्हणाल्या. "फणसच पायजे."

एवढा रुंद फणस वखारीत नव्हता. हैबतीलाच आठवण झाली. "पोलादपूरच्या वर मालोजीकडं एक फळी हाय. पण म्हातारा जरा तिरसट हाय हां."

अशा रीतीनं एका सकाळी दोघी एसटीनं पोलादपूरला आणि तिथून रिक्षानं वाडीवर आल्या. मी पडवीत कांदे सांभाळत होते.

मालोजींनी गाव विचारलं. मग त्यातली वाडी विचारली. मग आडनाव विचारलं. हे प्रश्न असे एकामागून एक का येतात, ते मला झाड असल्यापासून ठाऊक होतं. कमळाबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी तिन्हींची उत्तरं मालोजींच्या डोळ्यांत बघून, मोठ्या आवाजात दिली. दीक्षाचा चेहरा ताठ झाला. 

"फळी द्यायची नाय," मालोजी म्हणाले.

आतून ठमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उन्हाच्या उभ्या कशाला? पडवीत या. बसा." आणि त्या माझ्यावरचे कांदे दोन्ही हातांनी बाजूला सारू लागल्या. "कशाला पायजे गो फळी?"

"वस्तू उघडून बघायला," कमळाबाई म्हणाल्या.

"बघून काय करता?"

"जमलं तर नीट करते. नाय जमलं तर कळतं तरी, आत काय हाय."

ठमाबाईंना हे उत्तर पटलं की मजेशीर वाटलं, कोण जाणे. त्यांनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली. कमळाबाईंनी मला टकटक वाजवलं. गाठीवर बोट फिरवलं; पण च् केलं नाही. मग माझ्या टोकाशी जमेल तेवढं वाकून, एक डोळा मिटून त्यांनी माझ्या कडेवरून नजर टाकली.

"वाकलीय जराशी," त्या म्हणाल्या.

हे मात्र मालोजींना बरोबर ऐकू आलं. "वाकली? माझी फळी?" ते तरातरा दुसऱ्या टोकाला आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनीही एक डोळा मिटला. आता माझ्या या टोकाला कमळाबाई, त्या टोकाला मालोजी, दोघांचा एकेक डोळा मिटलेला, आणि दोघं माझ्या कडेवरून थेट एकमेकांकडे बघताहेत! ठमाबाईंना हसू आवरेना. दीक्षानं तोंडाला ओढणी लावली.

"वाकलीय," मालोजी शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "गाठीपाशी. कांद्यांनी वाकली."

"रंध्यानं निघंल का?"

"निघंल. पण एका बाजूनं मारू नका. दोन्ही बाजूंनी सारखं मारा." मग ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "न्या. हितं पडून कांदेच खाणार ती."

काय द्यायचं-घ्यायचं ते ठमाबाईंनी ठरवलं. निघताना त्यांनी दोघींना चहा दिला, घरातल्याच कपांत. मालोजी तेव्हा अंगणात होते. ते आत आले नाहीत, पण पोलादपूरहून मागवलेल्या टेम्पोत मला चढवताना जड बाजू त्यांनीच धरली. माणसं एका दिवसात किती बदलतात हे मला सांगता येणार नाही. मी जे पाहिलं तेवढंच सांगते.

बिरवाडीत आल्यावर हैबतीनं मला रंधा मारला. माझ्यातून एक लांब आणि दोन आखूड फळ्या निघाल्या. पाय, जोड आणि बाकीचं मात्र सासूसुनांनी स्वतः करायचं ठरवलं. दोघींनी मला चौकटीवर ठेवलं आणि चारी बाजूंनी स्क्रू असे पिळले की मला श्वास घेता येईना. पुन्हा कलंडायला नको ना! त्यांचं प्रेम मला कळत होतं. पण मित्रांनो, लाकूड तोडलं, कापलं, तरी ते हवेबरोबर हलतं. पावसाळ्यात थोडं पसरतं, उन्हाळ्यात थोडं आकसतं. एप्रिलच्या एका दुपारी मला आकसायचं होतं आणि जागा नव्हती. ठाण् करून आवाज झाला. गाठीपासून बोटभर तडा गेला.

कमळाबाई तड्याकडे बघत बसल्या. "माझ्या हाताला यशच नाय," त्या म्हणाल्या. हे मी पहिल्यांदा ऐकलं त्यांच्या तोंडून.

अश्विन कामावरून आला होता. तो डबा खाली ठेवून माझ्याखाली उताणा शिरला. बराच वेळ तो खालीच होता. मग आतून त्याचा आवाज आला. "आई, आमच्या कंपनीत पाइप तापतात ना, तेव्हा लांबतात. त्यांना गच्च आवळलं तर वाकतात. म्हणून आम्ही पट्टीचं भोक लांबट ठेवतो, म्हणजे पाइप सरकतो. इथंपण तसंच केलं तर?"

"करून बघ ना," कमळाबाई म्हणाल्या.

"मी?"

"मंग कोण? तूच शिरलायस ना खाली."

अश्विननं लोखंडी पट्ट्यांना लांबट भोकं पाडली. मला धरून ठेवतील, पण जखडणार नाहीत, अशा त्या बसवल्या. तड्यात फणसाचीच पाचर ठोकली. मग दीक्षानं जवसाचं तेल चोळलं आणि मी अशी उजळले की अश्विन स्वतःच दोनदा हात फिरवून गेला. "बास कर" हा शब्द त्यानंतर त्या घरात मी ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी चादर काढली आणि तुळसाचं मशीन माझ्यावर ठेवलं.

त्यांनी ते उघडलं. रोज दुपारी त्या खुर्चीवर बसत, मशीनचं चाक हातानं हळूहळू फिरवत आणि आत बघत. सुई खाली जाते. खाली एक आकडा गोल फिरत येतो. त्यानं सुईजवळचा दोरा पकडायला हवा, मग टाका पडतो. पण आकडा येईपर्यंत सुई वर निघून गेलेली असे. "चुकामूक होतेय गो ह्यांची," त्या दीक्षाला म्हणाल्या. पडल्यामुळे सुईची दांडी जागची सरकली होती. ती धरणारा स्क्रू सैल करायचा, दांडी केसभर खाली घ्यायची, आवळायचं, चाक फिरवायचं, बघायचं. एकदा सुई मोडली. एकदा स्क्रू निसटून माझ्यावर गरगरत गेला आणि मी त्याला माझ्या पिवळ्या अंगावर अगदी उघडा ठेवला. कमळाबाईंनी तो लगेच उचलला. मित्रांनो, त्या क्षणी मला बांधावर फळं लागलेल्या दिवसांपेक्षाही जास्त आनंद झाला.

आणि एका दुपारी आकड्यानं दोरा पकडला. कमळाबाईंनी चाक पुन्हा फिरवलं. पुन्हा पकडला. त्यांनी कापडाचा तुकडा घातला, आणि बारीक, सरळ टाके एकामागून एक उमटत गेले.

त्यांनी अश्विनला पाठवलं नाही, दीक्षालाही नाही. स्वतः उठल्या, गुडघे धरत तुळसाच्या दारापाशी गेल्या आणि कडी वाजवली.

तुळसा आली ती दारातच थांबली. मग मशीनशी येऊन उभी राहिली. कापड हातात घेतलं, टाके नखानं ओढून पाहिले. तिनं खुर्ची ओढली, बसली आणि सरळ शिवायला लागली. खोलीभर मशीनचा आवाज भरला. माझ्या अंगातून तो खालपर्यंत गेला, पण मी जरासुद्धा हलले नाही.

"शिवतंय गो कमळाताई," तुळसा म्हणाली. "पयल्यापेक्षा हलकं चालतंय."

"तुळसा, माझ्यामुळं..."

"राहू दे." तुळसानं दोरा तोडला. मग ती मशीनकडे बघत राहिली, बराच वेळ. "कमळाताई, इतकी वर्षं चालवते मी हे. आत काय हाय ते कधी बघितलंच नाय."

कमळाबाईंनी झाकण पुन्हा उघडलं. "ये. हितून बघ. आता चाक फिरव. हळू."

दोघींची डोकी माझ्यावर एकत्र आली. एकीचे केस पांढरे, एकीचे काळे. सुई खाली गेली, आकडा वळून आला, दोरा पकडला. "अगोबाई!" तुळसा म्हणाली. लहान मूल म्हणतं तसं.

आता मी पहिल्यासारखी पिवळी राहिलेली नाही. उजेडानं फणसाचं लाकूड हळूहळू तांबूस होत जातं, त्याला माझा इलाज नाही. कमळाबाई आता बारक्या कामाला माझ्यावर पांढरा रुमाल पसरतात. माझ्यावर सोल्डरचे डाग आहेत, पाचर आहे, गाठ तर आहेच. तुळसा आता दर गुरुवारी दुपारी येते आणि कमळाबाईंशेजारी बसून वस्तू उघडायला शिकते.

तेव्हा मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात लाकडाची एखादी फळी असेल तर तिच्यावर सांडलेलं पाणी लगेच पुसा, तापलेलं भांडं थेट ठेवू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. तिला घट्ट धरा, पण हलायला थोडी जागा ठेवा. नवी घ्यायची असेल तर नुसतं नाव आणि रूप बघून घेऊ नका, तुम्हाला तिच्यावर काय करायचं आहे ते आधी स्वतःला विचारा. आणि एखादी वस्तू बंद पडली तर फेकण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, आत डोकावून बघा.

आज गुरुवार. दार वाजलं आहे. तुळसा कापडी पिशवी घेऊन आत आली आणि तिनं ती माझ्यावर ठेवली. पिशवी जड आहे, आत काहीतरी लोखंडी खुळखुळतं आहे. कमळाबाई चष्मा शोधताहेत. मी वाट बघते आहे. आत काय असेल बरं?